फट

नववीला आज अभिस्तर ऊती शिकवली. कातडीच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात, मध्ये फट राहत नाही, म्हणून बाहेरचं काही आत शिरत नाही.

घरी येऊन अंथरुणाला खिळलेल्या बाबांना कुशीवर वळवलं. पाठीवरची जखम आणखी रुंद झाली होती. जन्मभर ऊनपाऊस सोसलेली कातडी शेवटी मऊ गादीपुढे हरावी! मी हलक्या हाताने मलम लावू लागले.

"आज काय शिकवलंस?" भिंतीकडे तोंड असलेल्या बाबांनी विचारलं. तेही विज्ञानाचेच मास्तर.

"उजळणी घेतली."

"ऊतींचा धडा आला असेल की. पेशींमध्ये फट नसते, हे सांगितलंस?"

"हो."

"मग आता खरं सांग. माझी केवढी झालीय?"