लाल वायर आणि मिरचीचं नाव

सहा बाय चारचा प्लायवूडचा बोर्ड. त्याला सागवानाची फ्रेम, चारही कोपरे हातानं तासून बसवलेले, खिळा एकही नाही. त्यावर जगाचा नकाशा, जळालेल्या मोटरींमधून काढून सरळ केलेली तांब्याची तार, एक लाल वायर, आणि तेवीस शब्द... परवापर्यंत नऊ रंगात, चौदा पेन्सिलीत.

हे सगळं मी एकट्यानं बनवलं. नागपुरात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, शिक्षण अकरावी नापास. नकाशाही विकतचा चिकटवलेला नाही, चौकोन आखून काढलाय.

बोर्डाचा विषय एकच. मिरचीचं नाव!

तांब्याची तार म्हणजे नावाचा प्रवास. आपली काढ्यातली पिंपळी इथून निघाली, इराणात पिलपिल झाली, अरबांकडे फिलफिल, ग्रीकांकडे पेपेरी, आणि तिकडे इंग्लंडात जाऊन पेपर, म्हणजे मिरी. शब्द आपला... हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी एका मोटरीचं वायंडिंग उलटं गुंडाळलं होतं.

लाल वायर मात्र उलट्या दिशेची. ती मेक्सिकोतून निघते, पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्याला उतरते आणि आमच्या नागपूरजवळच्या मिरचीच्या गावाला, भिवापूरला येऊन थांबते. ती मिरचीच्या फळाची वाट. म्हणजे नाव गेलं इथून तिथे, फळ आलं तिथून इथे, आणि नव्या तिखटाला सगळ्यांनी जुन्याच तिखटाचं नाव दिलं! आपण मिरीवरून मिरची केलं. हंगेरीत मिरचीला पाप्रिका म्हणतात, त्याच्या मुळाशीसुद्धा मिरीच आहे.

माझा एक नियम आहे. पुस्तकात सापडलेला शब्द पेन्सिलीनं लिहायचा. ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकला की मगच रंगात. फिलफिल रंगात आहे, कारण तो मला इथे शिकायला आलेल्या एका सुदानी विद्यार्थ्यानं ऐकवला. लॅटिन बिचारी कायमची पेन्सिलीतच राहणार.

मागच्या महिन्यात एक मसालेवाले शेठ दुकानात आले. त्यांच्या कांडप मशीनच्या मोटरी माझ्याकडेच येतात. बोर्ड पाहिला, पेन्सिल आणि रंगाचा नियम ऐकला आणि खूश झाले. त्यांना तो प्रदर्शनातल्या स्टॉलवर लावायचा होता, खाली माझं नाव घालून... फक्त लाल वायर काढायची होती.

"मिरची आपलीच आहे भाऊ, हजारो वर्षांची. तुम्ही काहून तिले परदेशी करून राहिले?"

मी पुस्तकं दाखवली. ते हसले. "पुस्तकातलं तर तुम्हीच पेन्सिलीनं लिहिता न? मंग हे वायर कोणाच्या तोंडून ऐकलं?"

माझाच नियम मला लागला होता. विचार करून कळवतो म्हणालो... आणि पक्कड हातात घेऊन दोनदा त्या वायरीपाशी उभाही राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव मोटरीच्या बिलाऐवजी दुसऱ्या कशाखाली येणार होतं.

परवा भिवापूरला गेलो. तिथल्या एका सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, बोअरची मोटर जळली होती. लालभडक ढिगांभोवती बाया देठ खुडत बसलेल्या. त्यात तेलंगणातून कामाला आलेल्या मल्लक्का होत्या.

माझे कान टवकारले! तेलुगूचे दोन्ही शब्द बोर्डावर पेन्सिलीत होते. मोटर तशीच सोडून मी विचारलं, तुमच्याकडे मिरचीला काय म्हणतात?

"मिरपकाय."

आणि काळ्या मिरीला?

"मिरियालु."

शेजारच्या बेबीबाई खुडता खुडता म्हणाल्या, "मोटर दुरुस्त कराले आले का शाळा भरवाले, भाऊ? पाणी नाही आलं तर तुमालेच विहिरीत सोडू." सगळा सातरा हसला.

मी हट्टानं विचारलंच. दोन्हीत मिरी कशी? आधी कोण आलं?

मल्लक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दिवस आधी की सूर्य आधी असं विचारत होतो. "आमच्या तेलुगूत 'काय' म्हणजे कच्चं फळ. मिरियालुसारखं तिखट फळ, म्हणून मिरपकाय. आमच्यात नातवाले आजाचं नाव ठेवते. माह्या नातवाचं नाव राजय्या, त्याच्या आजाचंही राजय्या. आता तुमीच सांगा गा भाऊ... पहिले आजा का पहिले नातू?"

जे मी चार वर्षं जाड जाड पुस्तकांत शोधत होतो, ते ह्या बाईनं देठ खुडता खुडता एका वाक्यात दिलं. मिरची इथे आधीपासून असती, तर तिला स्वतःचं नाव असतं. नातू मागून आला म्हणून आजाचं नाव घेऊन आला.

"नातू मागून आला तं काय परका झाला का?" बेबीबाई म्हणाल्या. "लाड तं त्याचेच जास्त असते वं!"

मोटर बसवली, पाणी सुरू झालं, निघताना मल्लक्कांना हात जोडले. त्यांना अजूनही कळलेलं नाही त्यांनी मला काय दिलं.

दुकानात आल्या आल्या ब्रश काढला. मिरियालु आणि मिरपकाय, दोन्ही रंगात. अकरा झाले. लाल वायरीवर मात्र आणखी एक क्लिप ठोकली, ती आता सहज निघायची नाही.

मग शेठना फोन केला. बोर्ड, लाल वायर काढून, स्टॉलवर माझ्या नावासकट... ह्याचे ते पंचाहत्तर हजार देत होते. मी नाही म्हणालो.