सालीचं वस्त्र बघून बावड्याला

पेठ वडगावच्या स्टँडवर सकाळची कोल्हापूर गाडी धरली. मांडीवर पिशवी, पिशवीत हिरवं लुगडं. आमच्यात सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं येतं. ते अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. माझी बायको मालण गेली तेव्हा मी थांबलो नाही. ती दवाखान्यात असताना तिचा भाऊ एकदाच बघायला आला, त्याचा राग डोक्यात होता. ऊन चढलेलं, माणसं ताटकळलेली. मी म्हणालो, उचला. भाऊ लुगडं घेऊन पोचला तेव्हा चिता पेटली होती. लुगडं माझ्या पायाशी ठेवून तो गेला, इतक्या वर्षांत पुन्हा आला नाही. ते त्याला परत द्यावं, चार शिव्या खाव्यात आणि मोकळं व्हावं, म्हणून निघालो.

त्याची लेक शुभांगी कोल्हापुरात एका संग्रहालयात कामाला आहे. आत्याचा नवरा म्हणून मला मामा म्हणते. एकटे घरी जाऊ नका, दुपारी मी सुटते, तोवर आमच्या संग्रहालयात बसा, असं तिनं फोनवर सांगितलेलं. स्टँडसमोर चहात खारी बुडवली, तशीच कपात सोडून उठलो.

संग्रहालयाच्या दारात रखवालदारानं अडवलं. "पावणं, पिशवी हितं ठेवायची." मी लुगडं काढून काखेत मारलं, रिकामी पिशवी त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, प्रदर्शनात मांडायला आणलंय काय? मी आत शिरलो.

आत परदेशी कपडे मांडलेले. एका काचेत भिजल्या तांबड्या मातीच्या रंगाचं वस्त्र. सूत नाही, वीण नाही. शेजारचा एक जण बायकोला म्हणत होता, "हे नेसून खाजत असंल की." शुभांगी जवळ आली, तिनं सांगितलं, हे आफ्रिकेतल्या युगांडाचं. मुतुबा नावाच्या, आपल्या उंबराच्या नात्यातल्या झाडाची साल सोलतात, लाकडी मोगरीनं बडवून पातळ करतात. सोललेल्या खोडाला केळीची पानं गुंडाळतात, साल पुन्हा येते.

"मेलेल्या माणसाला ह्यातच गुंडाळत्यात, मामा. एकेक नातेवाईक एकेक वस्त्र आणतो. सगळ्यांची एकावर एक."

"कुणाला यायला उशीर झाला तर?"

तिनं काचेखालची पाटी परत वाचली. "ते न्हाई लिवलेलं." मग तिची नजर माझ्या काखेतल्या लुगड्यावर गेली.

दुपारी तिच्याबरोबर त्यांच्या घरी, कसबा बावड्याला गेलो. मेव्हणा घराच्या पुढच्या सोप्यात बाजेवर बसलेला. पार म्हातारा झालाय. लुगडं त्याच्यापुढं ठेवलं, म्हणालो, चूक माझी, हे ठेवून घ्या. शिवी आली नाही. त्यानं घडीवरून हात फिरवला.

"दवाखान्यात आलो तवा तीच म्हणाली, दादा, मी गेले की हिरवं आण, मोठ्या काठाचं. त्या दिवशी चार दुकानं फिरलो, दाजी. तसलं लवकर गावंना."

त्यानं लुगडं उचलून माझ्या हातात दिलं.

"मी ठिऊन काय करू? न्या माघारी."

दिवस मावळायच्या आत वडगावला उतरलो. उभ्या जन्मात मालणनं माझ्याकडं लुगडं मागितलं नाही. आणीन ते नेसली. एकदाच तोंडानं मागितलं, तेही भावाकडं, आणि ते मी तिच्या अंगावर पडू दिलं नाही. आता ते वडगावात असलं काय, बावड्यात असलं काय.