बुटातला कापूस

दादा गेल्यावर काल त्याची ट्रंक उघडली. चरबी चोपडलेल्या बुटांचा उग्र वास आला आणि मला शिसारी आली, पण बुटांची नव्हे.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या लढाईत दादाच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली होती. परतल्यावर तो मुंबईच्या एका क्लबात पगारावर फुटबॉल खेळायचा, बुटाच्या टोकात कापूस कोंबून. हे क्लबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. ठाऊक होतं फक्त मला.

एकदा तो रत्नागिरीला आला तेव्हा तिथल्या मांडवीला त्याचा सत्कार झाला. मी शाळामास्तर, म्हणून मानपत्र माझ्याकडे आलं. भाषेच्या नादात मी ‘दोन बोटे रणदेवतेस अर्पिली’ असं लिहून गेलो. अध्यक्षांनी ते खड्या आवाजात वाचलं. पहिल्याच रांगेत, सत्कारासाठी मुंबईहून आलेले क्लबाचे सेक्रेटरी बसले होते.

“काढा की बूट! बघू दे लोकांना,” अध्यक्ष दादाला म्हणाले.

“राहू दे हो, पायाला वास येतो,” दादा हसत म्हणाला.

“शूराच्या पायाला कसला वास!” मागून कुणी ओरडलं.

त्याने वाकून नाडी सोडली. घामट कापूस काढून पेढ्यांच्या ताटाशेजारी ठेवला. लोक माना उंचावून, पेढे चघळत पाहत होते. टाळ्या पडल्या. त्या माझ्या वाक्याला पडल्या असं वाटून मी सुखावलो. त्या सुखाची किळस अजून जात नाही.

पुढच्या हंगामाला क्लबाचं बोलावणं आलं नाही. मानपत्राला मात्र दादाने चौकट करून घेतली. भिंतीवर लावताना म्हणाला, “अक्षर सुरेख हो तुझं.”