बेगलचं दुकान आणि पहिली हाक

दुकान चाललं की गल्ला भरतो, नाही चाललं की किस्से जमतात. आमच्या बेगलच्या दुकानाला अजून वर्ष व्हायचं आहे, पण कुणी "काय म्हणते दुकान?" असं विचारलं की मी गल्ल्याबद्दल चकार शब्द काढत नाही. किस्से सांगते. ऐकणारा आधी खो खो हसतो. मग हळूच खुर्ची सरकवून पाठ भिंतीला लावून बसतो.

आता बेगल म्हणजे काय, हे चंद्रपुरात, तुकूमच्या चौकात उभं राहून मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. कड्यासारखा गोल पाव. आधी उकळत्या पाण्यात सोडायचा, मग भट्टीत भाजायचा. बंगळूरला एका कॅफेत नोकरी करताना मी तो शिकले. परत आले तेव्हा माझा मामेभाऊ प्रफुल्ल म्हणाला, "ताई, भागीदारीत टाकू दुकान!" तो काउंटरवर, मी भट्टीवर. त्या पाण्यात आम्ही गूळ घालतो, वरून जवस लावतो, आत वांग्याचं भरीत. इतकं सगळं आपल्या मातीतलं करूनही पहिल्याच दिवशी एका काकांनी विचारलं, "पाव उकडून राह्यले? काऊन, आजारी हाये का तो?"

*

आमचे पहिले कायमचे गिऱ्हाईक तुळशीरामभाऊ. निवृत्त वनरक्षक, उभा जन्म रानात गेलेला. रोज सकाळी येणार, एक बेगल घेणार, आणि खाण्याआधी त्याचं भोक चटणीनं गच्च लिंपून टाकणार. तेही रस्त्याकडे पाठ करून.

प्रफुल्लला राहवेना. "भाऊ, भोक हीच तं त्याची स्टाइल हाये! तेच बुजवून राह्यले तुमी."

भाऊंनी बोटाची चटणी चाटली. "पोरा, आपण भोकातून पलीकडे पाह्यलं, का पलीकडचाबी आपल्याकडे पाह्यते."

"पलीकडचा कोण?"

"दिसला म्हणजे तूच सांगजो मले."

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे 'भरलेला बेगल' मिळायला लागला. सगळ्यात जास्त तोच खपतो!

*

प्रफुल्लनं पुण्यात कुठंतरी पाहिलं होतं, ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाचं नाव विचारतात आणि माल तयार झाला की त्या नावानं पुकारतात. "आपणबी तसंच करू ताई. एकदम मोठ्या शहरासारखं!" मी म्हटलं, कर बाबा.

पहिली ऑर्डर रमेशभाऊंची. हे मूळचे नागभीडकडचे, समोरच त्यांचं पंक्चरचं दुकान. "रमेशभाऊ!" प्रफुल्ल झोकात ओरडला. उत्तर नाही. रमेशभाऊ समोर बाकावर बसलेले, नजर थेट प्रफुल्लवर, आणि तोंड मिटलेलं. "अवो रमेशभाऊ!" तेव्हा कुठं सावकाश उठून आले.

"काऊन जी, ऐकू नाई आलं का?"

"आलं न. पयल्या हाकेले ओ देत नसते."

हे मला ठाऊक होतं, शहरात राहून विसरले होते. आमच्याकडे रानालगतच्या गावांत पोराला बोलता यायला लागलं की हेही शिकवतात. कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला गप्प राहायचं. माणूस असेल तर पुन्हा मारेल. 'ते' मात्र एकदाच मारतं, आणि ओळखीच्या आवाजात मारतं. ओ दिलीत की गेलात. 'ते' म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही आणि विचारलेलं कुणाला आवडत नाही.

प्रफुल्ल वैतागला. "पण भाऊ, भर दिवसा! मी तुमच्या समोर उभा हावो!"

"तू उभा हायेस ते दिसून राह्यलं मले. पण हाक तूच मारली, हे कोन सांगन?"

*

मग एक दिवस बँकेतले साहेब आले. पुण्याहून नवीनच बदलून आलेले, इस्त्रीचा शर्ट, घाईत. प्रफुल्लनं त्यांचं नाव पुकारलं मात्र, साहेब ताडकन म्हणाले, "येस! आलो!"

चावणारे चावायचे थांबले. एका बाईनं लेकीला जवळ ओढलं. रमेशभाऊ चप्पल शोधल्यासारखे खाली वाकले आणि त्यांनी साहेबांचे पाय निरखून पाहिले.

"सरळ हायेत," त्यांनी जाहीर केलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला!

"काय सरळ आहे?" साहेब गोंधळले.

"काई नाई साहेब. खा तुमी."

साहेब पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. प्रफुल्लनं नाव घेतलं, साहेब गप्प. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा उठले. मी चेष्टेनं म्हटलं, "साहेब, तुम्हीपण चंद्रपूरकर झालात की!"

ते हसले नाहीत. "काल दुपारी क्वार्टरच्या मागून आईनं हाक मारली मला," ते म्हणाले. "आई पुण्यात असते."

त्यांचा बेगल मी पुन्हा गरम करून दिला. दुसरं काय करणार?

*

दुकान खऱ्या अर्थानं उभं राहिलं ते सिंधूबाई आल्यावर. सिंदेवाहीच्या पुढं त्यांचं गाव, घरी थोडं धान पिकतं. आता इथं बहिणीकडे राहतात आणि आमच्याकडे पीठ मळतात. त्यांच्या हाताखाली पीठ माझ्यापेक्षा शहाण्यासारखं वागतं, हे मी कबूल करते.

त्यांची एक पद्धत होती. भट्टीतून निघालेला पहिला बेगल मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवायच्या. "पयला त्यायचा," एवढंच म्हणायच्या. रानात जेवायला बसलं तरी पहिला घास बाजूला काढणारी माणसं ही, मी काही बोलले नाही.

भिंतीखाली गल्लीतली कुत्री येऊन बसायची. ही कुत्री चपला खातात, प्लास्टिक खातात. बेगलकडे मात्र नुसती बघत बसायची! घरमालकांनी हे वरच्या गॅलरीतून पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमचा बेगल तं कुत्रेबी खात नाई गा!"

प्रफुल्लला ते लागलं. त्यानं त्याच ट्रेमधला दुसरा बेगल आणून टाकला. कुत्र्यांनी फडशा पाडला, वर रस्ता चाटला. मग तो भिंतीवरचा उचलायला गेला. त्यानं हात पुढे केला तशी सगळी कुत्री उठली आणि मागं मागं सरकत गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. प्रफुल्लनं हात मागं घेतला. दुपारी पाहिलं तर भिंत रिकामी.

"कुत्र्यायले समजते न," सिंधूबाई म्हणाल्या, "कोनाचं हाये ते."

*

सिंधूबाईंचे यजमान मागच्या उन्हाळ्यात पहाटे मोह वेचायला गेले आणि आलेच नाहीत.

गाव शोधायला गेलं, वनखात्याची माणसं गेली. झाडाखाली टोपली सापडली. मोहफुलांनी भरलेली, सरळ ठेवलेली. रक्त नाही, ओढल्याची खूण नाही, कपड्याची चिंधीसुद्धा नाही. वाघानं नेलं असं काही जण म्हणाले. काही जण काहीच म्हणाले नाहीत.

बाई तेव्हा अजून कुंकू लावायच्या. त्यांचा दीर फोन करायचा, "वैनी, पिठाचा पुतळा करून जाळून टाकू. त्याचा जीव अटकून राह्यला असन." देह मिळाला नाही की असंच करतात, पुतळ्याला अग्नी देतात. बाईंचं उत्तर ठरलेलं, "मी काई पाह्यलं नाई. मंग मी कशी मानू?" त्या दिवशी पीठ फार जोरात मळलं जायचं. माणूस मेला असेल तर रडावं, जिवंत असेल तर वाट पाहावी. ह्या बाईला दोन्हीतलं एकही धड करता येत नव्हतं, आणि मला ते बघवत नसे.

पण यजमानांचे किस्से त्या फार मजेनं सांगायच्या. "ह्यायचं शिक्षण चौथीतच अटकलं. हुशार होते जी! पण गुरुजी हजेरीत नाव एकच डाव घेत, अन् हे पयल्या हाकेले ओ देत नोहते. वर्षभर वर्गात बसून गैरहजर!"

मी हसून हसून भट्टीचं दार उघडं टाकलं.

"मांडवात भटानं नाव घेतलं, तवाबी उठले नाई. माया बाप घाबरला न! म्हणे, नवरदेव बहिरा हाये, पोरगी फसली!" आणि पिठाच्याच हातानं त्यांनी डोळे पुसले. हे सगळं सांगताना यजमानांचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. त्यांच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. देवराव हे नाव मला कळलं ते दिराच्या फोनमुळे.

*

प्रफुल्लचा स्वतःचा किस्सा तो कुणाला सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मूल गावच्या रस्त्यावर एका रिसॉर्टची ऑर्डर होती. भर दुपारी हा मोटारसायकलवर निघाला. मध्ये जंगल लागतं. भूक लागली म्हणून सागाच्या सावलीत थांबला आणि ऑर्डरमधलाच एक बेगल काढून खायला लागला. आमचा धंदा असा चालतो!

तोंड भरलेलं असताना मागून आवाज आला, "प्रफुल्ल!" माझा आवाज. मी भट्टीजवळून मारते तशीच वैतागलेली हाक. हा 'आलो ताई' म्हणणारच होता, पण बेगल दातांत असा चिकटला की जबडा हलेना. घास गिळेपर्यंत त्याच्या लक्षात आलं की ताई इथं कशी असेल? मग तो दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिला. साग, ऊन आणि पाचोळा. दुसरी हाक आली नाही.

मी तेव्हा दुकानात सिलेंडरवाल्याशी भांडत होते, चार माणसं साक्षीला आहेत.

प्रफुल्ल परत आला तो पांढराफटक. पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, बेगल चिवट हाये अशी लोकायची तक्रार हाये न? आणखी चिवट कर!"

*

आता हा शेवटचा. हा सांगताना मी घराचं दार लावून घेते.

सिंधूबाईंचा दीर एक दिवस दुकानातच आला. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. तुळशीरामभाऊ आणि रमेशभाऊ बाकावर होते. दीर बिचारा वाईट माणूस नाही, भावासाठी झुरलेला. "वैनी, उद्याचं ठरलं," तो म्हणाला. "पुतळा तुमच्याच हातचा पायजे. तुमी नाई म्हणू नका आता."

बाई मळत होत्या. हात थांबले. पुतळा आपल्या हातानं करायचा म्हणजे नवरा आपल्या हातानं मारायचा, असं त्यांना वाटत होतं. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. मी म्हणणार होते की बाई, नका करू, कोण जबरदस्ती करतंय बघू.

तेवढ्यात त्या काउंटरपाशी आल्या. प्रफुल्लला म्हणाल्या, "भाऊ, जरा सरका. मले एक डाव हाक मारू द्या."

"कोणाले, बाई?"

"ह्यायले. गावच्या लोकायनं रानात लय हाका मारल्या. मी नाई मारली. नाव घेत नसते म्हणून मी चूप बसली."

प्रफुल्ल बाजूला झाला. बाईंनी पदर डोक्यावरून घेतला, उघड्या दाराकडे तोंड केलं, आणि रोज प्रफुल्ल जिथून गिऱ्हाइकांना पुकारतो तिथून हाक मारली.

"देवराव!"

"ओ!"

लगेच. दाराच्या अगदी लगत. काम करता करता मान न वळवता द्यावी तशी, साधी, रोजची ओ.

दीर उठून उभा राहिला. "दादा! दादाचा आवाज हाये!" प्रफुल्ल बाहेर धावला. मी ओरडले, "बाई, आले! देवरावभाऊ आले!" मला आनंदानं रडू फुटलं होतं. प्रफुल्ल रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडे बघत होता आणि रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. तुळशीरामभाऊंनी टोपी काढून हातात घेतली होती.

"बाई, अजून एक हाक मारा! मारा ना!" मी त्यांचा दंड धरून हलवला.

त्यांनी माझा हात हळूच सोडवला. परातीपाशी गेल्या, पिठाचा एक मोठा गोळा तोडला आणि त्याला खांदे काढायला घेतले.

"नाई ताई," त्या म्हणाल्या. "जित्ते असते, तं पयल्या हाकेले ओ देल्ली नसती त्यायनं."