सांगून थांबवणारा

अख्ख्या सायली गावात यंत्राचं मन राखणारा माणूस एकच होता, आमच्या सूत कारखान्यातला धुळ्याचा कॉम्प्युटरवाला. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी चौथी शिकलेला, गेटवरून माल सोडणारा. आता तर आठवायचाही शीण होतो. त्याच्या खोलीतल्या मशीनमध्ये मागे एक प्रोग्राम अखंड चालायचा. पडद्यावर दिसायचा नाही, पण ऑफिसातली माल सोडायची सगळी चलनं त्याच्याच हातून निघायची. आठवड्यातून एकदा तो बंद करून परत चालू करायचा असे, आणि एवढ्याशा कामाला या गृहस्थाला अर्धा तास लागे. आधी टेबलाटेबलाशी जाऊन विचारी, तुमचं लिहून झालं का. मग थांबायचा हुकूम टाइप करी आणि मांडीवर हात ठेवून बसून राही. यादीतून प्रोग्रामचं नाव गेलं का ते दोनदा बघे, मगच नव्याने सुरू करी. मी म्हणायचो, बटण दाब की, पंखा बंद करत नाहीस का? तो म्हणे, "काका, त्याला मारायचं नाही. सांगायचं. हातातलं उरकून तो आपणहून थांबतो."

एका दुपारी तो शेजारच्या सामरवरणीला खोलीवर जेवायला गेला आणि इकडे चलनं अडकली. गेटवर ट्रकांची रांग, ड्रायव्हरांच्या शिव्या. ऐकून घेणारा मी नव्हे. गेलो, मेन स्विच खाली पाडला, वर केला. मशीन उठलं, प्रोग्राम उठेना. आधीचा मरताना आपण चालू असल्याची खूण तशीच ठेवून गेला होता. ती बघून नवा पाऊलच टाकीना. धुळेकर आला, ती खूण पुसली, प्रोग्राम उठवला, पण सकाळची निम्मी चलनं अर्धवट तुटलेली.

साहेबाने सगळ्यांसमोर त्यालाच धरलं, शनिवारपासून येऊ नकोस म्हणाला. धुळेकर माझ्याकडे बघतही नव्हता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. माझी मान कधी कुणापुढे वाकली नव्हती. त्या दिवशी वाकवताना हाडं दुखली. म्हणालो, "साहेब, स्विच मी पाडला. काढायचं तर मला काढा." साहेब म्हणाला, "जाओ, दोनों काम करो."

धुळेकराने आभार मानले नाहीत. पुढच्या आठवड्यात मला खुर्चीत बसवलं आणि तो हुकूम एका बोटाने माझ्याकडून टाइप करून घेतला. मग आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो, थांबणाऱ्याला वेळ देत. वर्षभरात तो धुळ्याला परत गेला. पुढे पुष्कळ माणसं भेटली, सगळी घाईतली. माझ्याशेजारी इतकं निवांत परत कुणी बसलं नाही.