दोघी बहिणींची साक्ष

मी जुन्या, मेलेल्या भाषा शिकवतो. इंग्रजीत 'बेक', जर्मनमध्ये 'बाकन', स्वीडिशमध्ये 'बाका'. असे शब्द शेजारी मांडायचे आणि त्यांच्यामागचा, कुणीच लिहून न ठेवलेला मूळ शब्द काढायचा, हा माझा पोटापाण्याचा धंदा. एवढ्या एका शब्दावर मी दोन वर्षं घालवली.

करी रोडच्या घरात आई ओट्याशी खोबरं भाजायची, मी पलीकडे बसून हेच करायचो. एकदा तिने विचारलं तेव्हा सांगितलं. म्हणाली, "त्यांच्या बायकांका इचार मां." त्यांच्यातलं कुणी उरलं नाही म्हटल्यावर हसली. "मगे मी आसंय तवसर माका तरी इचार."

ती होती तोवर विचारलं नाही. मूर्ख होतो.

ती गेली आणि बाबा जेवेनासे झाले. गिरणी बंद पडली तेव्हाही ज्यांनी ताटावर राग काढला नव्हता, ते दोन घासांत उठू लागले. एकदाच म्हणाले, तिच्यासारखं काळ्या वाटाण्याचं सांबारं खावंसं वाटतं.

मी दोन्ही बहिणींना फोन करून आईचं वाटप, म्हणजे भाजल्या खोबऱ्याचा वाटलेला मसाला, वेगवेगळं लिहून घेतलं. एकीचं दुसरीला कळू दिलं नाही. खोबऱ्याची वाटी आचेवर धरायची की किसून तव्यावर परतायचं, यात दोघी दोन टोकांना. पण बडीशेप दोघींनी सांगितली, तीही सढळ हाताने. दोन साक्षी जुळल्या, म्हणजे ते आईचंच. मी निर्धास्तपणे बडीशेप भाजली.

पहिला घास घेऊन बाबा थांबले. "ह्या आपल्या पोरींच्या सासूचा."

दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या, सख्ख्या जावा. इतकी वर्षं एकाच सासूच्या हाताखाली रांधलेलं. शेजाऱ्याकडून उचललेला शब्द दोन भाषांत सारखा दिसला तरी तो मूळचा नसतो, हे मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात वर्गात सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण. मला रडू आलं.

"पुन्हा करतो, बाबा. बडीशेप न घालता."

त्यांनी आधी ताट संपवलं, अगदी पुसून.

"नको रे. आता शोधू नको. घरात शिजतला ता खातलंय मी."

तेव्हापासून ते पोटभर जेवतात. ताटात काय वाढलंय, ते बघतही नाहीत.