एका पोपटाचा डोळा मोठा

डहाणूच्या आगर गावातून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या मुली लग्न होऊन सासरी गेल्या, त्यांतल्या निम्म्याअधिक मुलींच्या रुखवताचं कौतुक झालं. आणि ते सगळं कौतुक चुकीच्या माणसांना मिळालं, असं बकुळाबाईंचं ठाम मत होतं. मत कसलं, खरंच होतं ते. मोत्यांची तोरणं, सुपाऱ्यांचे भटजी-भटजीण, आइस्क्रीमच्या काड्यांचे बंगले, लोकरीची बदकं, सगळं त्यांच्याच ओटीवर बसून झालेलं. कुणाचं लग्न ठरलं की मुलीची आई संध्याकाळी यायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि उठता उठता म्हणायची, "बकुळाताई, आमच्या पोरीचं तेवढं बघाल ना?" बकुळाताई बघायच्या. आणि मांडवात टेबलावर ते सगळं मांडलं की प्रत्येक वस्तूपुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी उभी राहायची, 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केलेले'.

रीतच तशी. रुखवत नवरीनेच केलेलं असतं, असं सगळ्यांनी मिळून मानायचं. ज्या मुलीला सुईत दोरा ओवता यायचा नाही तिच्या नावाने विहिणी तोरणं वाखाणायच्या, आणि बकुळाबाई मागे उभ्या राहून जिलबी खात ऐकायच्या. बरं, जिलबी तरी गरम असावी? तीही गारच मिळायची.

एवढ्यावर भागलं असतं तर बाई गप्प बसल्या असत्या. पण त्यांना खोड होती, ज्यांच्या लग्नात वस्तू दिली त्यांच्या घरी कधी गेलं की भिंतींवर, दारांवर ती शोधायची. बहुतेक वेळा सापडायची नाही. शेजारच्या निलमला त्यांनी मोत्यांचं तोरण करून दिलं होतं, समोरासमोर दोन हिरवे पोपट आणि मधे आंब्याचा घोस. निलम बोर्डीला दिली. एकदा तिच्याकडे जाणं झालं तर दारावर प्लास्टिकची फुलं लोंबत होती.

"तोरण कुठे गं?" बाईंनी विचारलंच.

"माळ्यावर आहे काकू. खराब होईल म्हणून जपून ठेवलंय."

जपून ठेवलंय म्हणे. तोरण काय माळ्यावरच्या उंदरांना बांधायचं असतं? पण लोकांच्या घरात बोलता येत नाही. बाई चहा पिऊन निघून आल्या आणि घरी येऊन गोविंदरावांवर चिडल्या.

गोविंदरावांना याची सवय होती. त्यांची चिकूची वाडी, सकाळी तोड, दुपारी माल डहाणूला, आणि संध्याकाळी बायकोच्या मण्यांवर पाय पडू नये म्हणून ओटीवरून अंग चोरून चालणं, असा त्यांचा संसार. त्यांना बायकोच्या कलेतलं काही कळत नाही, हे बाईंनी त्यांच्या तोंडावर अनेकदा सांगितलं होतं, आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नव्हती. त्यांच्यामागे एकच जाच होता, बियांचा डबा. घरात चिकू खाल्ला की बी कोनाड्यातल्या त्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. पाहुणा असो की जावई असो, सूट नाही. वाडीत वटवाघळं रात्री चिकू खाऊन खाली बिया टाकतात, त्याही कामाला येणारी बारकी वेचून आणायची. त्या काळ्या चकचकीत बियांना तापल्या सुईने भोकं पाडून बाई एक पडदा ओवत होत्या. दाराला लावायचा, सरी सुटलेला, आत-बाहेर करताना सळसळणारा. तो एकच पडदा असा होता जो कुणी सांगितलेला नव्हता. तो रियासाठी होता.

रिया म्हणजे त्यांची एकुलती एक. बोईसरला एका कंपनीत नोकरीला. २०१६च्या दिवाळीत तिचं लग्न ठरलं, मुलगाही तिथलाच, आणि दोघांनी बोईसरमध्ये फ्लॅटही घेतला. आतापर्यंत गावभर वाटलं, आता एकदाच आपल्या घरचं रुखवत, आणि त्यातला पडदा आपल्या मुलीच्या दाराला. आल्यागेल्याने विचारावं, हा कुणी केला, आणि मुलीने सांगावं, माझ्या आईने. बाईंना बाकी काहीसुद्धा नको होतं. मानपानात त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही, यावरून ओळखा.

एका रविवारी त्यांनी अर्धा झालेला पडदा रियापुढे पसरला. रियाने तो हातात घेऊन पाहिला, वजन बघितलं आणि म्हणाली, "आई, रागवू नकोस. पण आम्ही भिंती सगळ्या पांढऱ्या ठेवणार आहोत. घर मोकळं दिसलं पाहिजे. तिथे हे नाही जाणार."

"मोकळं म्हणजे कसं?"

"म्हणजे कमी वस्तू."

"म्हणजे माझ्या वस्तू नाहीत."

"तसं नाही गं. आणि रुखवतातही नको. मी केलेलं नाही ते माझ्या नावाने मांडायचं, मला ते खोटं वाटतं. मी विनोदला सांगितलंय. तो सगळा सेट आणतो, गावाकडची थीम. संध्याकाळी परत घेऊन जातो."

विनोद म्हणजे डहाणूतला मंडपवाला. खुर्च्या, पडदे, फुलांच्या कमानी, आणि हल्ली भाड्याने रुखवतसुद्धा.

"भाड्याचं रुखवत," बाई म्हणाल्या. "ते खोटं नाही?"

"भाड्याचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. फोटोपुरतं असतं ते. त्यात कोण फसतंय?"

मुलगी शिकलेली, मुद्द्याला धरून बोलणारी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचं चुकत नव्हतं. चिठ्ठीवरच्या नावांचा राग बाईंनीच आयुष्यभर केला होता. आता मुलगी तेच म्हणत होती आणि त्यात पहिला बळी त्यांच्याच पडद्याचा जात होता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कात्री घेतली, पडद्याच्या सरी एकेक करून कापल्या, डबाही उचलला, आणि सगळ्या बिया मागच्या वाडीत पाटात नेऊन ओतल्या. वर डबा लाथेने उडवला. गोविंदराव नळीने पाणी सोडत होते, ते बघत राहिले. रिया दारात रडकुंडीला येऊन उभी होती, पण ती मागे आली नाही. दोघी एकाच मुशीतल्या, कोण आधी वाकणार?

त्यानंतर लग्नापर्यंत घरात रुखवत हा शब्द कुणी काढला नाही. बाईंनी हळद दळली, पापड लाटले, विवळवेढ्याला जाऊन महालक्ष्मीपुढे पहिली पत्रिका ठेवून आल्या, सगळं केलं. फक्त मण्यांना हात लावला नाही. बारकी एकदा ओच्यात बिया घेऊन आली तर तिच्यावरही खेकसल्या. बिचारीला कळेचना, आपलं काय चुकलं.

फेब्रुवारीत लग्न लागलं, घरापुढच्या अंगणातच मांडव. सकाळी विनोदचा टेम्पो आला, त्याच्या माणसांनी टेबलं मांडली, सुपं, जातं, छोटी बैलगाडी, काय काय लावलं. बाईंनी तिकडे मान वळवून पाहिलं नाही. मुद्दाम आचाऱ्यापाशी उभ्या राहून भातात मीठ कमी आहे की जास्त यावर त्याचं डोकं खाल्लं. पण विहीणबाई रुखवत बघायला आल्यावर नवरीच्या आईला लपून कसं चालेल? कुणीतरी हाताला धरून नेलंच.

विहीणबाई टेबलाशी वाकून बघत होत्या. "काय सुंदर तोरण आहे हो," त्या म्हणाल्या. "असं हल्ली बघायला मिळत नाही. रियाचा हात छान आहे."

बाईंनी तोरणाकडे पाहिलं. समोरासमोर दोन हिरवे पोपट, मधे आंब्याचा घोस. डाव्या पोपटाचा डोळा बारीक काळ्या मण्याचा. उजव्याचा चांगला टपोरा, त्यामुळे तो पोपट कायमचा दचकल्यासारखा दिसणारा. आणि पुढे विनोदच्या माणसांनी रीतीप्रमाणे लावलेली चिठ्ठी, 'चि. सौ. कां. रिया हिने स्वहस्ते केलेले'.

बोर्डीच्या माळ्यावर जपून ठेवलेलं तोरण ते हे. बाईंना आधी हसू आलं, आणि मग राग आला, तो त्याहून जोरात. इतकी वर्षं अशा वेळी काय बोलायचं हे त्यांना पाठ होतं. 'हो, तिला लहानपणापासून हौस आहे,' एवढंच म्हणायचं असतं. त्या म्हणाल्या, "रियाने नाही केलं. मी केलंय."

रियाची एक मैत्रीण हसत म्हणाली, "काकू, अहो हे विनोददादाच्या टेम्पोतून उतरलंय. मी स्वतः बघितलं."

"टेम्पोतून उतरलं असेल. केलंय मी."

कुजबुज रियापर्यंत पोचली. ती शालू सावरत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, प्लीज. सगळ्यांसमोर नको. भाड्याचं आहे ते."

"भाड्याचं असू दे. हा डोळा बघ. मणी संपले म्हणून मी चिकूची बी लावली होती."

"आई, चिकूच्या बिया डहाणूत कुणीही लावेल."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. लग्नाच्या दगदगीने बाईंचं डोकं फिरलं, असं काहींच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, स्वतःच्या हातच्या वस्तूपुढे, बकुळाबाई खोट्या ठरत होत्या. त्यांनी पदराचं टोक घट्ट धरलं. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, एवढंच त्या स्वतःला बजावत होत्या.

तेवढ्यात गोविंदराव पुढे आले. त्यांना खरं तर भटजींनी बोलावलं म्हणून ते या बाजूने चालले होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पोपट बघितला.

"ही आपलीच बी आहे," ते म्हणाले. "निलमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मणी कमी पडले. रिया तेव्हा एवढीशी, ओटीवर बसून चिकू खात होती. हिने तिच्या तोंडातून बी काढून घेतली आणि सुई तापवून भोक पाडलं. पोरीने असं भोकाड पसरलं, की शेजारचे विचारायला आले. भोक वाकडं पडलं होतं, डोळा खाली बघतो असं मी म्हणालो, तर ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बघा, अजून खालीच बघतोय."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. पोपट खालीच बघत होता.

ज्या माणसाला कलेतलं काही कळत नाही म्हणून बाईंनी संसारभर हिणवलं, त्याच्या हे एवढं लक्षात होतं. गोविंदराव चष्मा खिशात घालून भटजींकडे निघून गेले, त्यांना पुढची कामं होती.

रिया तोरणापुढे तशीच उभी होती. मग तिने आपल्या नावाची चिठ्ठी उचलली, दुमडली आणि मुठीत ठेवली. आईशी बोलायला वेळ नव्हता, मुहूर्ताची घाई झाली.

संध्याकाळी पाठवणी झाली आणि मागोमाग विनोद टेम्पो घेऊन आला. गोविंदरावांनी तोरण ठेवून घेऊ का विचारलं.

"काका, उद्या तलासरीला लागतंय हे," विनोद म्हणाला. "पार्टीने फोटो बघून हेच पसंत केलंय. नाही तर मी दिलं असतं."

"तुला मिळालं कुठून?" बाईंनी विचारलं.

"बोर्डीला एकांनी घर नवीन केलं, तेव्हा काढून टाकत होते. मी म्हटलं, मला द्या."

बाईंनी निलमला मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. मग एक सर उसवायला आली होती ती बसून पक्की केली, पोपट एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे जुनं धोतर घातलं आणि गुंडाळी स्वतः टेम्पोत नेऊन ठेवली. तलासरीच्या कुठल्या मुलीच्या नावाची चिठ्ठी आता लागणार, देव जाणे. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. कुणी आग्रह केला तर त्याला झापलं.

चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला म्हणून रिया आणि जावई आले. बाई अजून घुम्याच होत्या. चहा दिला, कुशल विचारलं, फ्लॅटबद्दल चकार शब्द नाही. रियाच म्हणाली, "घर मोकळं आहे. फारच मोकळं आहे."

"मग हवं तेच झालं ना," बाई म्हणाल्या.

गोविंदरावांनी सुपातून पिकलेले चिकू आणून ठेवले. रियाने एक फोडून खाल्ला. बी तोंडात धरून ती सवयीने कोनाड्याकडे गेली. कोनाडा रिकामा होता. ती तिथेच थांबली, गाल फुगवून, लहानपणी थांबायची तशी.

"डबा नाही तिथे," बाई म्हणाल्या. "टाकून दिला. तुझ्यासमोरच टाकला."

रियाने बी तळहातावर काढली, पदराला पुसली आणि हात पुढे केला. "आई, पडदा हवाय मला. दाराला."

"एका बीचा?"

रियाने मान खाली घातली. बाईंना मनातून भयंकर राग आला होता. सगळ्या बिया पाटातून कुठच्या कुठे गेल्या. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. आणि हिला आता आठवण झाली. त्यांनी तिच्या हातातली बी उचलली, उजेडाकडे धरून उलटसुलट बघितली आणि आपल्या पदराच्या गाठीत बांधली.

"जावईबापू, तुम्हीसुद्धा खा," त्या म्हणाल्या, "आणि बी गिळू नका." मग रियाकडे वळून म्हणाल्या, "भोकं तू पाडायचीस. बोटं भाजली तर रडायचं नाही. आणि या वेळी चिठ्ठी मी लिहिणार."